फाटकाच्या मापाचा ट्रेलर

रस्ता मोठा झाला आणि त्याच्यावरून ट्रॅक्टर चालवायला मनाई आली. टेकडी जिथून चढायला लागते तिथे लोखंडी पाटी उभी राहिली. पाटीवर ट्रॅक्टरचं चित्र आणि चित्रावर तांबडी काट. फौजदारिणीला अक्षरं जेमतेम लागायची, पण काट वाचायला शाळा कशाला हवी? कमरेवर हात ठेवून ती पाटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ज्यानं ही काट मारली, त्याच्या ताटावर अशीच पडो."

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं. नवरा होता तोवर लोक ते दबक्या आवाजात म्हणायचे, तो गेल्यावर तोंडावर म्हणायला लागले आणि तीही ओ द्यायला लागली. फौजदारीण म्हणतात, चोरटी तर म्हणत नाहीत ना, असं तिचं म्हणणं.

घरात माणसं तीन. ती, लेक आणि सून. चौथा तो बुटका ट्रॅक्टर, फळझाडांच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा. स्वतःची जमीन टीचभर. पोट चालायचं ते दुसऱ्यांच्या बागांची मशागत करून. ट्रॅक्टर सून चालवायची. खोडाला ओरखडा न येऊ देता ट्रॅक्टरमागचा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरवावा तर तिनंच. हे फौजदारीण चारचौघांत छाती काढून सांगायची, घरात मात्र सुनेला त्याचा वाराही लागू दिला नव्हता. लेक पिकअप चालवायचा. तिच्यात डिझेलचे कॅन, नांगर, पान्यांची पेटी. दर ठरवणं, तारखा देणं आणि भांडणं हे खातं फौजदारिणीचं. लेक गरीब गाय. आईनं ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. लग्नाच्या दिवशी त्यानं नवरीपेक्षा आईकडेच जास्त वेळा पाहिलं, असं गल्ली अजून हसून सांगते.

चांगल्या बागा होत्या त्या टेकडीपलीकडे. पाऊस उघडला होता, जमिनीला वाफसा आला होता. पाय रुतू नये आणि ठेचही लागू नये, अशी माती. पण वाफसा म्हणजे पाहुणा, आला तसा जाणार. वरून ऊन लागत राहिलं की हीच माती विटेसारखी होते. मग रोटाव्हेटरची पाती नुसती वाजतात, कापत काही नाहीत. पलीकडच्या बागवानाचे निरोप येत होते. शेवटच्या निरोपात त्यानं विचारलं, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बघू का? फौजदारिणीला ते मिरचीसारखं झोंबलं. जुनं गिऱ्हाईक, नवऱ्याच्या वेळचं. आता एकच वाट होती. ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचा आणि ट्रेलर पिकअपच्या मागे ओढायचा. ट्रेलर घ्यायचा ठरला.

कसला घ्यायचा, हे जेवताना निघालं. सून म्हणाली, लांब घ्यावा, चार चाकांचा, स्वतःचा ब्रेक असलेला. रोटाव्हेटरसकट ट्रॅक्टर त्यात पुरा बसेल. फक्त तो गल्लीतून आत वळायचा तर फाटकाचा उजवा खांब काढावा लागेल.

लेकाचा घास हातातच राहिला.

फाटक मालकांनी बांधलेलं. मालक म्हणजे फौजदारिणीचा नवरा. पूर्वी अंगणाला कुंपणही नव्हतं, आणि एका सकाळी उठून बघतात तर अंगणातला लोखंडी नांगर गायब. गल्लीनं हळहळ केली थोडी आणि चेष्टा फार. ज्याला नांगर राखता येईना त्यानं बायको कशी राखली, असं समोरचा म्हातारा ओट्यावर बसून म्हणाला, मालकांना ऐकू जाईल असं. मालकांनी स्वतःच्या हातानं दोन दगडी खांब उभे केले, त्यांना लोखंडी दारं लावली आणि किल्ली बायकोच्या कमरेला दिली. तेव्हापासून घरात एक कायदा झाला, फाटकाबाहेर राहिलं ते आपलं नाही. खुरपं असो की खाट, दिवस मावळला की आत. बाहेर विसरलेली बादली फौजदारिणीनं एकदा दुसऱ्या दिवशी उचलूच दिली नव्हती. भंगारवाला घेऊन गेला, ती बघत उभी राहिली.

"खांबाला हात लावायचा असेल तर आधी मला बाहेर काढा," ती म्हणाली, आणि जेवण पुढे सुरू झालं.

सकाळी तिनं माप घेतलं. लेकाला एक लांब वासा धरायला लावला आणि गल्लीतून फाटकात वळवायला सांगितला. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. वासा समोरच्या म्हाताऱ्याच्या भिंतीला अडला. करवतीनं थोडा कापला, पुन्हा वळवला, पुन्हा अडला. असं करत करत एकदाचा तो भिंतीला न घासता सरळ आत आला. तेवढ्या लांबीचा तिनं सुंभ तोडला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या.

सून ट्रॅक्टरला वंगण देत होती. हात पुसत म्हणाली, "आत्याबाई, माप फाटकाचं घेताय. ओझं ट्रॅक्टरचं आहे."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"ते खरं. पण पाय केवढे आहेत ते तरी बघायचं."

लेकाला हसू आलं. आईनं बघितलं तेव्हा त्याचा खोकला झाला होता.

ट्रेलर करणाऱ्याचा कारखाना रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली. आत जळक्या लोखंडाचा आणि रंगाचा वास. कारखानदार कपाळावर काळा चष्मा चढवून पुढे आला. दोन तयार होते. एक करडा, चार चाकांचा, लांबलचक, रंग धड न दिलेला. दुसरा आखूड, दोन चाकांचा, नुकता लाल रंगवलेला, नव्या नवरीसारखा. फौजदारिणीनं करड्यावर सुंभ टाकला. सुंभ संपला तरी ट्रेलर पुढे उरलाच होता. लालवर टाकला. गाठीला गाठ. तिनं सुनेकडे बघितलं, जशी काही देवानंच साक्ष दिली.

सून ट्रेलरखाली वाकली, चाकं दाबून पाहिली, जोडाच्या दांडीला धरून हलवून पाहिली. करडा नेऊन बघा, नाही आवडला तर परत आणा, असं कारखानदार म्हणाला. मग फौजदारिणीचा चेहरा बघून त्यानं वारा ओळखला. लालही वजन पेलेल, म्हणाला. फक्त एवढंच विचारलं, की रोटाव्हेटर ट्रॅक्टरला लावलेलाच नेणार की काढून?

सुनेनं तोंड उघडलं. तिचा शब्द निघण्याआधी फौजदारीण म्हणाली, ते आमचं आम्ही बघू.

रोटाव्हेटर हंगामात कोण काढतं? काढायचा म्हणजे तीन जोड सोडायचे, मधला फिरता दांडा ओढायचा. परत लावताना भोकं जुळता जुळत नाहीत. गेल्या हंगामात तो लावताना सुनेचं बोट चिमटलं, नख काळं पडून गळलं होतं. आणि काढून ठेवायचा तरी कुठे? लालमध्ये ट्रॅक्टर चढला की पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. पिकअप आधीच भरलेली.

"तू बोल," आई लेकाला म्हणाली.

लेकानं बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग ट्रेलरकडे पाहिलं, जणू तोच सांगेल. "आई म्हणते तो."

सून पिकअपमध्ये जाऊन खिडकीशी बसली. मध्ये फौजदारीण बसायची, लेक आणि सून यांच्यामध्ये. ती जागा तिचीच, पिकअप घेतली तेव्हापासून. तिथून रस्ता नीट दिसतो म्हणायची.

लाल ट्रेलर फाटकातून आत वळला तेव्हा खांबाला त्याचा नुसता वारा लागला. समोरचा म्हातारा ओट्यावरून बघत होता. फौजदारिणीनं त्याला ऐकू जाईल अशा आवाजात लेकाला सांगितलं, वस्तू घेताना डोकं लागतं बाबा, नुसता पैसा लागत नाही.

मग ट्रॅक्टर चढवला. चढायच्या फळ्या लावून सुनेनं तो तोंडानं वर नेला. पुढची चाकं ट्रेलरच्या पुढच्या काठाला टेकली तरी रोटाव्हेटर मागे बाहेरच राहिला. ट्रेलरच्या शेपटीवर तो असा लोंबत होता, जसा म्हशीच्या पाठीवर उलटा बसलेला माणूस. ट्रेलर मागे कलला. पुढची दांडी वर उचलली गेली आणि पिकअपच्या हुकाला खालून ढोसायला लागली. पिकअपचं बूडच वर आलं.

"म्हातारे," समोरचा ओट्यावरून म्हणाला, "तुझी गाडी मुतायला उभी राहिली काय?"

गल्लीत दोघंतिघं हसले. फौजदारीण म्हणाली, तुझ्यासारखी बसून तर राहिली नाही ना.

पण तिनंही पाहिलं होतं ते.

पहिलं काम जवळच्या बागेत निघालं, सपाट कच्च्या रस्त्यानं. लेक बैलगाडीच्या चालीनं गेला. ट्रेलर नीट मागून आला, फक्त हुकाजवळ एक आवाज येत राहिला, टक, टक, दारावर कुणीतरी बोटानं वाजवावं तसा. प्रत्येक खड्ड्याला टक. सून मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. फौजदारिणीनं विचारलं, मागे काय नवरा बसलाय तुझा? दिवसभर काम झालं. माती लोण्यासारखी उलटली. बागवानीण चहा घेऊन आली तेव्हा फौजदारीण ट्रेलरच्या काठावर बसली होती, पाय हलवत. खांब पाडा म्हणत होते, तिनं बागवानिणीला सांगितलं. माझं ऐकलं म्हणून घर उभं आहे.

सुनेनं रोटाव्हेटरच्या पात्यांत अडकलेलं गवत काढता काढता ते ऐकलं. तिच्या मानेवर धुळीची काळी रेघ होती आणि घामानं ती मध्येच तुटली होती.

ऊन तापत चाललं. अंगणातल्या मातीला बारीक भेगा पडायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी टेकडीपलीकडे जायचं ठरलं, उशीर केला तर बागवान दुसऱ्याला बोलावणार होता. सकाळी निघताना सुनेनं साखळ्या पुन्हा ओढल्या, दोन्ही बाजूंनी, दातओठ खाऊन. तरी रोटाव्हेटर मागे होता तिथेच होता. साखळी वस्तू बांधते, तिचं वजन उचलून पुढे नेत नाही.

नवा रस्ता गुळगुळीत, काळा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा. मोठमोठ्या गाड्या बाजूनं जात तेव्हा त्यांच्या वाऱ्यानं ट्रेलर हळूच डोलायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. चढ लागला. इंजिन कण्हायला लागलं. लेक सहसा गाडी चालवताना बोलत नसे, पण तो म्हणाला, "आई, गाडी मागून हलकी लागतेय."

"बरंच की. डिझेल वाचेल."

"तशी हलकी नाही. मागची चाकं रस्त्याला धरत नाहीत, असं वाटतं."

सुनेचा हात खिडकीच्या वरच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

टेकडीच्या माथ्यावर रस्ता रुंद होता. सून म्हणाली, थांबा जरा. ती उतरली, मागे गेली, हुकाशी वाकली. हुकाची दांडी घासून चकचकीत झाली होती. खाली पलीकडच्या बागा दिसत होत्या, हिरव्या ओळी, त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता लांबलचक उतरणीचा, एकदम सरळ. ती परत आली ती दाराशी उभी राहिली, आत बसली नाही.

"आत्याबाई, रोटाव्हेटर इथे काढू. माथ्यावर ठेवू. आधी ट्रॅक्टर खाली नेऊ आणि मग येऊन हा नेऊ."

"रस्त्याच्या कडेला?"

"मी बसते इथे त्याच्यापाशी."

"आणि एकट्या बाईला इथे सोडून आम्ही जायचं? लोक काय म्हणतील?" फौजदारीण समोरच बघत म्हणाली. "फाटकाबाहेर राहिलं ते आपलं नाही. वस्तूही नाही आणि माणूसही नाही. बस आत. वाफसा तुझी वाट बघत थांबणार नाही."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि नजर हातांवर. ती आत बसली. दार तिनं जोरात ओढलं, तेवढाच काय तो राग.

उतार लागला. आधी बरं चाललं होतं. मग गाडीनं वेग घेतला, लेकानं दिला नव्हता तरी. एक मोठा मालट्रक बाजूनं घोंघावत गेला आणि ट्रेलर डोलला. या वेळी जागेवर आला नाही. उजवीकडे गेला, डावीकडे आला, पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा जास्त. गाय माश्या हाकलायला शेपूट मारते तसा. पिकअपचं मागचं अंग त्याच्याबरोबर सरकायला लागलं. पान्यांची पेटी फळीवर आपटली. हुकाची टकटक बंद झाली होती. तिथे आता एक सलग खरखर होती.

"ब्रेक दाबू नका," सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "पाय नुसता काढून घ्या. स्टेअरिंग सरळ धरा. दाबू नका."

लेकाचा पाय उचललेला फौजदारिणीला दिसला. अधांतरी होता तो. रस्ता समोरून अंगावर येत होता, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कशालाच हुकूम देता येत नव्हता, एका लेकाशिवाय.

"दाब," ती म्हणाली. "ब्रेक दाब."

आईनं बस म्हटलं की तो बसायचा.

ट्रेलर थांबला नाही, पिकअप थांबली. मागून आलेलं सगळं वजन आडवं फिरलं आणि दार मिटावं तसं पिकअपच्या अंगावर मिटलं, खिडकीच्या बाजूनं. काच फुटल्याचा आवाज आधी आला की पत्र्याचा, ते फौजदारिणीला पुढे कधी सांगता आलं नाही. सगळं थांबलं तेव्हा ट्रॅक्टर कुशीवर पडला होता आणि त्याचं एक चाक अजून फिरत होतं. रोटाव्हेटरची पाती नव्या रस्त्यात रुतली होती. डांबराचा तुकडा वरंब्यासारखा उलटून निघाला होता. डिझेल उताराच्या वाटेनं, आपल्याला काही घाई नाही असं, खाली चाललं होतं.

फौजदारिणीला खरचटलंसुद्धा नव्हतं. मध्ये बसली होती ना.

सून जागी होती. दार आत आलं होतं आणि तिचा डावा पाय त्या दाराच्या आत कुठेतरी होता. चेहरा चुन्यासारखा. ती सासूकडे बघत होती, रागानं नव्हे, एखाद्या कामाकडे बघावं तशी, आणि म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही जरा सरका. त्यांना इकडे येऊ द्या."

फौजदारीण सरकली.

पाय राहिला. दवाखान्यात डॉक्टरांनी तो वाचवला, पण गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही म्हणाले. लेकानं विचारलं, क्लच दाबता येईल का? डॉक्टर म्हणाले, आधी चालू द्या. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या फौजदारिणीनं ते भिंतीआडून ऐकलं. आत तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी रिक्षानं ती घरी आली आणि कमरेच्या किल्लीनं फाटक उघडलं.

क्रेनवाला ट्रेलर घेऊन आला तेव्हा दिवस कलला होता. ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे गेला होता, हा तेवढा घरी आला होता, लाल रंग जागोजागी खरवडलेला. दांडी कोपरासारखी वाकून एका बाजूला आली होती. क्रेनवाल्यानं तो गल्लीत वळवला, पुढे घेतला, मागे घेतला. वाकडी दांडी दर वेळी खांबाला अडली. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. समोरचा म्हातारा ओट्यावर होता. त्याला म्हणायला पुष्कळ काही होतं. तो काही बोलला नाही, आणि ते फौजदारिणीला सगळ्यात जास्त लागलं.

"बाई, आत जात नाही," क्रेनवाला म्हणाला. "बाहेरच टाकू?"

फौजदारीण खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाड."

"काय?"

"खांब पाड."

त्यानं क्रेनचा हूक नुसता टेकवला, ओढण्याआधी अंदाज घ्यायला. खांब तेवढ्यानंच गेला. मोठा आवाजही झाला नाही. एक बोट जाडीचे दगड बाहेरून लावलेले, आणि आत माती, विटांचे तुकडे, मुळ्या, मुंग्यांची अंडी. मालकांकडे तेव्हा तेवढंच होतं, ते त्यांनी भरलं होतं. माती गल्लीत पसरली. ओली होती. एवढ्या उन्हात, त्या खांबाच्या पोटात, वाफसा होता.

ट्रेलर आत आला. अंगणात जागा भरपूर उरली.

त्यानंतर थोड्या वेळानं पिकअप आली. फौजदारिणीनं आवाजावरून ओळखली. खिडकीच्या बाजूचं दार सुंभानं बांधलं होतं, आणि सुंभाला दोन्ही टोकांना गाठी होत्या. लेकानं गाडी गल्लीतच थांबवली. मातीच्या ढिगावरून पाय टाकून आत आला, घरात गेला, बायकोचे कपडे, कंगवा आणि उशी घेऊन बाहेर आला. दवाखान्यातून सोडल्यावर तिला बरं वाटेपर्यंत तिच्या भावाच्या घरी राहू, म्हणाला. आईनं विचारलं नव्हतं.

"जेवून जा."

"नको."

"मग गाडी तरी आत घे," ती म्हणाली. हातानं तिनं फाटकाची ती मोकळी बाजू दाखवली. "आता वळेल. जागा झाली."

लेकानं तिकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, आणि या वेळी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

"नको आई," तो म्हणाला. "बाहेरच असू दे."

पिकअप गेली. गल्ली आपापल्या घरात गेली. दिवस मावळला तेव्हा फौजदारीण सवयीनं उठली, अंगणातलं खुरपं आत घेतलं, बादली आत घेतली आणि फाटकाशी गेली. एका खांबाला एक दार अजून लोंबत होतं. तिनं ते ओढलं, कमरेची किल्ली काढली, कडी उचलली. अडकवायला पलीकडे काही नव्हतं.